वाट राखली म्हणून घर राहिले

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून वेगवान बोटीने दीड-दोन तासांत इद्रा बेट येते. आपल्याकडच्या नकाशांत ते हायड्रा या नावाने सापडेल. पेलोपोनीसच्या किनाऱ्यालगतचे सुमारे ५० चौरस किलोमीटरचे हे खडकाळ बेट. वस्ती दोन हजारांच्या आसपास, तीही जवळजवळ सगळी एकाच गावात. बोट बंदरात वळली की तिन्ही बाजूंच्या डोंगरउतारावर चढत गेलेली राखाडी दगडाची आणि पांढऱ्या चुन्याची घरे दिसतात. त्यांच्यामध्ये जुन्या जहाजमालकांचे उंच चौकोनी वाडे आणि खाली धक्क्यावर खोगिरे चढवून ओळीने उभी केलेली खेचरे. मोटार नाही, स्कूटर नाही, सायकललासुद्धा मज्जाव. कचऱ्याची गाडी, आगीचा बंब, रुग्णवाहिका अशी मोजकी सार्वजनिक वाहने सोडली तर गावात चाक फिरत नाही. इथे येऊन गेलेले बहुतेक लोक लिहितात की या बेटावर काळ थांबला आहे. हे वाक्य मला साफ चुकीचे वाटते, शिवाय ते इद्राच्या लोकांवर अन्याय करणारे आहे. काळ तिथे थांबलेला नाही. तिथे एक निर्णय झाला आणि तो रोज किंमत मोजून पाळला जातो. तो निर्णय वरवर पाहता घरांबद्दल नाहीच, वाटांबद्दल आहे. जुनी घरे कशाने टिकतात याचे जे उत्तर इद्रा देते ते वारसा जतनाच्या नेहमीच्या चर्चेत क्वचितच ऐकू येते: घराकडे जाणारी वाट ज्या मापाची, त्या मापाची घरेच तिच्याकडेला टिकतात. वाटेचे माप बदलले की घर वाचवायला केलेला कायदा एकटा पडतो.

ही घरे कशी उभी राहिली ते आधी पाहिले पाहिजे. बेटावर पिकाऊ जमीन जवळजवळ नाही, गोडे पाणी तर फारच तुटपुंजे. मुख्य भूमीवरून आसऱ्याला आलेल्या अर्वनाइट, म्हणजे अल्बानियन बोली बोलणाऱ्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबांनी इथे वस्ती केली आणि पोटासाठी समुद्राकडे तोंड वळवले. १७७४ च्या कुचुक कायनार्जा तहानंतर ग्रीक जहाजांना रशियाच्या झेंड्याखाली काळ्या समुद्रापर्यंत व्यापार करता येऊ लागला. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इद्राच्या कप्तानांनी ब्रिटिश नाकेबंदी चुकवून फ्रान्स आणि स्पेनच्या बंदरांत धान्य पोहोचवले आणि अफाट नफा कमावला. कुंदुरिओतिस, तोंबाझिस, त्सामादोस, वुलगारिस या घराण्यांचे वाडे अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या त्या दशकांतले. बाहेरून पाहिले तर जाडजूड दगडी भिंती, मोजक्या खिडक्या, कौलारू छप्पर. नक्षीकामाचा सोस कुठेच नाही. श्रीमंती सगळी आत: रंगवलेली लाकडी छते, इटलीतून आणलेले सामान, तिथल्याच कारागिरांच्या हाताची वळणे. आणि घराच्या पोटात टाके. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून खाली उतरून या टाक्यात साठायचा आणि कोरडा उन्हाळा त्याच्यावर काढला जायचा. म्हणजे उंच कुंपणभिंत, फरसबंद अंगण, टाके आणि वर राहती घरे असे ते एक स्वयंपूर्ण एकक होते. आता या वाड्यांतली प्रत्येक वस्तू, दारावरचा दगडी उंबरा असो की दिवाणखान्यातला आरसा, धक्क्यावरून जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या खांद्यावर वर गेली आहे. गल्लीची रुंदी ओझे लादलेले खेचर आणि अंग चोरून उभा राहिलेला माणूस यांना पुरेल एवढी. पायऱ्या उथळ आणि पसरट, जनावराच्या चालीला जमतील अशा. वाट आणि घर एकाच मापपट्टीने आखलेले आहेत.

इद्रा का टिकले याचे पहिले आणि सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण म्हणजे गरिबी. त्यात तथ्य आहे. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात इद्राने आपली शंभराहून अधिक जहाजे आणि कप्तानांच्या तिजोऱ्या ओतल्या. नौदलप्रमुख आंद्रेआस मियाउलिस इथलाच. युद्ध जिंकले, पण बेट रिते झाले. नंतर वाफेची जहाजे आली, व्यापार सिरोस बेटाकडे आणि पिरेअसकडे गेला. समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढण्याच्या जीवघेण्या धंद्यावर काही दशके निघाली, मग तोही बसला. लोक पोटामागे अथेन्सला, परदेशी गेले. घर पाडायलाही पैसा लागतो आणि तो शतकभर कोणाकडे नव्हता, हे खरे. पण या स्पष्टीकरणाला इथेच थांबू देता येत नाही. १९५० पर्यंत गरिबीने सगळ्याच एजियन बेटांवरची आणि खुद्द अथेन्समधलीही जुनी घरे राखली होती. खरी कसोटी पैसा आला तेव्हा लागली. इद्रावर तो लवकर आला. चित्रकार निकोस हाजीकिरियाकोस-गिकास याच्या घरी लेखक-कलावंतांची ये-जा महायुद्धाआधीपासून होती. इथे चित्रित झालेला सोफिया लॉरेनचा ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ हा हॉलिवूडचा चित्रपट १९५७ मध्ये जगभर पोहोचला. १९६० मध्ये लेनर्ड कोहेन या तरुण कॅनडियन कवीने इथे १,५०० डॉलरला घर घेतले. त्यानंतर श्रीमंत अथेन्सकर, युरोपीय, अमेरिकी सगळे आले. गरिबी कधीच संपली आणि घरे मात्र उभी राहिली. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे.

ते सापडण्यासाठी त्याच काळातल्या अथेन्सकडे पाहावे लागते. १९२९ च्या कायद्याने ग्रीसमध्ये इमारतीतल्या एकेका सदनिकेची स्वतंत्र मालकी शक्य झाली आणि महायुद्धानंतर आंदिपारोही नावाच्या व्यवहाराने शहराचा कायापालट केला. जागामालकाने भूखंड द्यायचा, बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने अनेकमजली इमारत उठवायची आणि जागेच्या बदल्यात मालकाला काही फ्लॅट द्यायचे. रोख रकमेची देवघेव जवळजवळ नाहीच. दादरच्या, गिरगावच्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. पुनर्विकास या नावाखाली हाच सौदा तो रोज पाहतो. या सौद्यात अथेन्सची एकोणिसाव्या शतकातली डौलदार घरे दोन-तीन दशकांत हजारोंनी गेली. बेघर झालेल्या, खेड्यांतून आलेल्या लाखो लोकांना त्यातून छप्पर मिळाले, हेही नाकारता येणार नाही. पण संरक्षणाचे मोठे कायदे आले तोवर उशीर झाला होता. १९७५ च्या राज्यघटनेच्या २४ व्या कलमाने नैसर्गिक आणि सांस्कृतिक पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवले, १९७८ च्या अध्यक्षीय आदेशाने शेकडो वस्त्यांना पारंपरिक वस्तीचा दर्जा मिळाला, २००२ मध्ये पुरातत्त्व आणि वारशाचा सर्वंकष कायदा झाला. हे कायदे चांगले आहेत. इद्रावर खिडकीच्या आकारापासून छपरापर्यंत बंधने आहेत आणि ती असायलाच हवीत. तरी सौद्याची चटक लागलेल्या ठिकाणी असे कायदे किती पुरे पडतात हे आपण जाणतो. वारसा यादीत नाव असलेला वाडा एके दिवशी धोकादायक ठरतो, पावसाळ्यात त्याची एक भिंत पडते आणि दोन वर्षांनी तिथे पोडियम पार्किंग दिसते.

इद्रावर हा सौदा जमतच नाही, कारण तो ट्रकवर उभा असतो. जनावरांच्या हालअपेष्टांवर टीका वाढल्यावर २०१८ मध्ये ग्रीक सरकारने नियम केला की गाढवा-खेचरावर १०० किलो किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त भार घालायचा नाही. आता हिशेब करा. दहा टनांच्या एका ट्रकला कमीत कमी शंभर फेऱ्या. साध्या चारमजली इमारतीला तीनशे टन माल धरला, आणि हा आकडा फारच हात राखून आहे, तरी तीन हजार फेऱ्या. सिमेंटची गोणी बोटीतून धक्क्यावर, धक्क्यावरून खेचराच्या खोगिरावर, तिथून तीनचारशे पायऱ्या वर. वाळू तशीच, सळया तशाच, फरशी तशीच. काँक्रीट मिक्सर गल्लीत शिरत नाही, क्रेन उभी करायला जागा नाही. आणि यातले काही सुरू होण्याआधी जुने घर पाडून त्याचा राडारोडा त्याच वाटेने खाली आणायचा. खेचरवाला वर जाताना वाळू आणि येताना दगडमाती वाहून आणेल, पण फेरीचे पैसे घेईल. अशा ठिकाणी जुन्या दगडाचा दगड म्हणून भाव राहतो. जी भिंत उभी आहे ती पाडण्यापेक्षा डागडुजी करून तिच्यावर चुना मारणे स्वस्त पडते. गवंड्याचे कसब मोलाचे ठरते आणि बिल्डरचे भांडवल निकामी होते. मी याला इद्राचा खरा बांधकाम कायदा म्हणतो. त्याला निरीक्षक लागत नाही, त्याची फाइल अडत नाही, त्याला पळवाट नाही, कारण ट्रक जाईल एवढी वाटच नाही.

मोटार घराला आणखी एका बाजूने खाते, आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते. मोटार आली की तळमजला तिचा होतो. अंगणाची भिंत फोडून फाटक रुंद होते, ओटा जातो, पडवी जाते, मग गल्ली अरुंद आहे म्हणून रस्तारुंदी येते आणि दोन्हीकडच्या घरांचे दर्शनी भाग कापले जातात. आपल्या गावांतल्या जुन्या पेठांत अर्धे कापलेले वाडे उभे आहेत. भिंतीतले कोनाडे, वरच्या मजल्यावरच्या देवघराचा निळा रंग, जिन्याची तिरकी खूण हे सारे रस्त्यावरून उघडे दिसते. त्या घराला कोणी वैरभावाने पाडलेले नसते. विकास आराखड्यावर कोणीतरी रस्त्याची रुंदी नऊ मीटरवरून पंधरा केली, एवढेच घडलेले असते. इद्रावर अशी रेषा आखायला कारणच उरत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल की हे सारे डोंगराने केले, माणसांनी नव्हे. एवढ्या चढावर रस्ता कोण काढणार? पण सांतोरिनी बेटाचा कडा इद्राहून कितीतरी भयंकर आहे. समुद्रातून सरळ वर उठलेल्या त्या ज्वालामुखीच्या भिंतीवर आथिनिओस बंदरापासून नागमोडी वळणांचा रस्ता नेलाच, आणि त्यावरून उन्हाळ्यात बसगाड्यांची रांग लागते. आज ओइया गावातल्या डोंगरात कोरलेल्या घरांच्या भिंती कायद्याने सुरक्षित आहेत, रंगही तोच आहे, पण त्यांतली कितीतरी घरे हॉटेलच्या खोल्या झाली. क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्या लोंढ्याला आवर घालण्यासाठी २०२५ पासून तिथे आणि मिकोनोसवर ऐन हंगामात माणशी २० युरो शुल्क आकारावे लागते. इद्राच्या शेजारचे स्पेत्सेस बेट तर याहून बोलका दाखला आहे. तोच दर्यावर्दी इतिहास, तशीच कप्तानांची घरे, खासगी मोटारींवर तिथेही निर्बंध. पण स्कूटरला मुभा दिली आणि गल्ल्यांतली शांतता गेली. डोंगराने इद्राला सवड दिली एवढेच. बुलडोझर सगळ्या जगात सहज मिळू लागल्यावरही त्या सवडीचा फायदा टिकवून धरणे हे माणसांचे काम होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याचे नाव व्हेनिस. तिथेही मोटार नाही, तिथल्याही इमारती शाबूत आहेत, आणि तरीही ऐतिहासिक शहराची लोकसंख्या १९५१ मधल्या पावणेदोन लाखांवरून आता पन्नास हजारांच्याही खाली आली आहे. २०२४ मध्ये काही दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरोचे तिकीट लावले गेले. मग चाकबंदीने काय साधले? याचे उत्तर मी असे देईन की वाट राखल्याने घर राहते. घरात माणूस राहील याची हमी मात्र तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी घराला काम लागते. इद्राने काही वाड्यांना काम दिले आहे, आणि ते केवळ पाहण्यासाठी उघडे ठेवण्याचे नाही. तोंबाझिस वाड्यात १९३६ पासून अथेन्सच्या ललितकला विद्यालयाची शाखा आहे. त्सामादोस वाड्यात व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी अकादमी आहे, म्हणजे ज्या धंद्याने वाडा बांधला त्याच धंद्यात जाणारी पोरे आज त्याच्या पायऱ्या चढतात. लाझारोस कुंदुरिओतिसचा वाडा राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाची शाखा झाला. गावाबाहेरच्या जुन्या कत्तलखान्यात २००९ पासून एका कलाप्रतिष्ठानाची प्रदर्शने भरतात. हे पुरेसे आहे का? नाही. वर्षातून चार आठवडे उघडणाऱ्या घरांची संख्या वाढली की शिक्षकाला, परिचारिकेला, खेचरवाल्याच्या मुलाला भाड्याने खोली मिळेनाशी होते, आणि ग्रीक बेटांवर हा प्रश्न सर्वत्र पेटलेला आहे. सौंदर्य टिकवले की ते महाग होते आणि महाग झाले की ते ज्यांनी टिकवले त्यांनाच परवडत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. रस्ता केल्याने भाडे उतरलेले एकही पर्यटनस्थळ मला माहीत नाही. यावरचा उपाय घरांच्या वापराच्या नियमांत आहे: बारमाही राहणाऱ्यांना सवलत, अल्पमुदतीच्या भाड्याला मर्यादा, कर्मचाऱ्यांसाठी राखीव घरे. उलट चाकबंदीने एक गोष्ट बेटावरच ठेवली आहे, ती म्हणजे वाहतुकीचा पैसा. तो खेचरवाल्याला, पाणटॅक्सीवाल्याला, हमालाला मिळतो. तेलकंपनी आणि मोटारकंपनी यांच्याकडे तो जात नाही.

आता जनावरांबद्दल, कारण इथे सारवासारव करून चालणार नाही. माणसाच्या सौंदर्यदृष्टीची किंमत मुक्या जनावराने उन्हात उभे राहून का मोजावी? हा प्रश्न विचारणारे बरोबर आहेत. २०१८ चा भारनियम चांगला, पण नियम पाळला जातो की नाही हे धक्क्यावरच कळते: खोगिराखाली पाठीला जखम आहे का, सावली आहे का, पाण्याची बादली भरलेली आहे का, खूर तासलेले आहेत का. माझ्या मते यात मालवाहतूक आणि मौजेची स्वारी वेगळी काढली पाहिजे. गावाला लागणारे धान्य, गॅस, विटा वाहण्याचे काम नियमांत बसवून करता येते. धडधाकट पर्यटकाला फोटोसाठी पाठीवर बसवून चढण चढायला लावणे यात गरजेचा अंशही नाही, आणि ते बंद झाले तर इद्राचे काहीच बिघडणार नाही. उद्या एखादी गल्लीच्या रुंदीची, पायऱ्या चढणारी, विजेवरची ढकलगाडी निघाली आणि तिने खेचराचे ओझे निम्मे केले, तर तिचेही स्वागत करावे. माझा आग्रह खेचरासाठी नाही, मापासाठी आहे. वाहन वाटेला बसले पाहिजे. वाटेने वाहनासाठी स्वतःला कापून घेऊ नये.

वृद्धांचा आणि अपंगांचा मुद्दा याहून कठीण. पायऱ्यांच्या गावात चाकाच्या खुर्चीवरचा माणूस घरात अडकतो. गुडघे गेलेली आजी वरच्या गल्लीतून खाली बाजाराला येऊ शकत नाही. हे दुःख खरे आहे आणि कोणत्याही युक्तिवादाने ते लहान करू नये. रुग्णवाहिका आहे, बंदराचा भाग सपाट आहे, पाणटॅक्सी किनाऱ्याकिनाऱ्याने नेते. तरी वरच्या घरांसाठी गावाने माणूस आणि पैसा दोन्ही बाजूला काढायलाच हवे. घरपोच सेवा, कठड्यांचे आधार, खालच्या पातळीवर वृद्धांसाठी घरे हे सारे त्यात येते. पण तराजूचे दुसरे पारडेही पाहा. मोटारींच्या शहरात कोण अडकते? सत्तरीचा माणूस पुण्यात लक्ष्मी रस्ता ओलांडायला किती वेळ उभा असतो? आठ वर्षांच्या मुलाला आपण एकट्याने शाळेत पाठवतो का? इद्राच्या गल्लीत ते मूल एकटे चालते, आणि काला पिगादिया या जुन्या विहिरींच्या चौकात संध्याकाळी म्हातारी माणसे बसतात, त्यांना हॉर्न वाजवून कोणी उठवत नाही. पायऱ्या काहींना अडवतात, रस्ता इतर कितीतरी जणांना अडवतो; फरक एवढाच की रस्त्याने अडवलेल्यांची आपण मोजदाद ठेवत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही, कारण आपल्याकडे माथेरान आहे. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि २००३ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. लाल मातीच्या वाटा, झाडांच्या सावलीतले जुने बंगले, घोडे यांनी माथेरान इतर थंड हवेच्या ठिकाणांपेक्षा वेगळे राहिले. महाबळेश्वरच्या बाजारातली रविवारची कोंडी पाहिलेल्यांना हे वेगळेपण सांगावे लागत नाही. पण माथेरानने एक पाप वर्षानुवर्षे खपवून घेतले. मोटार नको म्हणून माणसाला माणसाने ओढण्याची हातरिक्षा चालू ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला, तो योग्यच होता. जी चाकबंदी गरीब माणसाच्या फुप्फुसांवर चालते ती टिकण्याच्या लायकीची नाही. प्रश्न पुढचा आहे. ई-रिक्षा माथेरानच्या वाटांवरून हळू, मोजक्या संख्येने, हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच मालकीने चालणार, की ई-रिक्षांसाठी वाटा रुंद, गुळगुळीत आणि काँक्रीटच्या होणार? पहिले झाले तर माथेरान वाचेल. दुसरे झाले तर काही वर्षांनी त्याच वाटांवरून टेम्पो, मग टेम्पोतून सिमेंट आणि सिमेंटमागून चारमजली हॉटेल येईल. नोटीस निघाल्यावर कळेल असा हा बदल नाही, तो वाटेच्या पृष्ठभागापासून सुरू होतो.

इद्राचे सगळे काही ठीक चालले आहे असेही मी म्हणणार नाही. जमिनीवर जे माप त्यांनी राखले ते समुद्रावर राखले नाही. बंदरात उन्हाळ्यात आलिशान खासगी नौका दाटीने लागतात. जून २०२४ मध्ये किनाऱ्याजवळच्या अशाच एका नौकेवरून उडवलेल्या शोभेच्या दारूने पाइनच्या जंगलाला आग लागल्याचे समोर आले, नौकेवरच्या तेरा जणांना अटक झाली. त्या किनाऱ्यापर्यंत रस्ता नसल्याने आग विझवणाऱ्यांना समुद्रमार्गे जावे लागले, आणि रस्ता हवा असे म्हणणाऱ्यांना मुद्दा मिळाला. वणव्यासाठी डोंगरात पाणी, पंप आणि प्रशिक्षित माणसे जागच्या जागी हवीत, हा धडा त्यातून जरूर घ्यावा. पण आग रस्ता नसल्याने लागली नव्हती. जिथे कोणतेही माप लागू नव्हते, त्या बाजूने ती आली. अथेन्सहून एका दिवसात तीन बेटे दाखवणाऱ्या सहलीही त्याच बाजूने येतात. धक्क्यावर दीड-दोन तास गर्दी होते, खेचरांचे फोटो निघतात, आइस्क्रीम खाल्ले जाते आणि बोट सुटते. त्या प्रवाशांना गावाची वाट चढायला वेळच नसतो, म्हणजे ज्याच्यासाठी बेट प्रसिद्ध आहे तेच ते पाहत नाहीत.

म्हणून जाणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. ग्रीसची सहल आखताना इद्राला एक दिवसाच्या पाकिटातून बाहेर काढा, निदान दोन रात्री तिथे राहा, शक्यतो जुलै-ऑगस्ट टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये. सामान स्वतः उचलून तीनशे पायऱ्या चढवता येईल एवढेच न्या आणि खेचरावर बसू नका. पाणी जपून वापरा. हे गाव अनेक वर्षे बोटीने आणलेल्या पाण्यावर जगले आहे. आणि परत आल्यावर आपल्या गावाच्या विकास आराखड्यात जुन्या पेठेवरून, देवळाच्या गल्लीवरून किंवा माथेरानसारख्या एखाद्या वाटेवरून रुंदीकरणाची रेषा गेलेली दिसली, तर हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत लेखी हरकत नोंदवा. घर पाडायची परवानगी मागितली जाते तेव्हा फार उशीर झालेला असतो.